सुई कुणाच्या हातात होती?

'जोखमीचं वर्तन' हा शब्द आरोग्याच्या कामात आता इतका रुळला आहे की त्यात काही खटकण्यासारखं आहे असं कुणाला वाटत नाही. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची माहिती गोळा करायची झाली की एक तक्ता पुढे येतो. नशेची इंजेक्शनं घेता का? लैंगिक जोडीदार किती? गोंदवून घेतलं आहे का? नवरा बाहेरगावी कामाला असतो का? उत्तरं मिळाली की खुणा करायच्या आणि माणसाला 'जोखीम जास्त' किंवा 'जोखीम कमी' अशा रकान्यात बसवायचं. समाजकार्याचं शिक्षण घेताना हे तक्ते भरायला मीही शिकले. ते अगदीच निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. पण हेपेटायटिस सी या रोगाकडे नीट पाहिलं की या तक्त्यांत काय सुटतं ते लक्षात येतं. ज्याच्या अंगात सुई गेली त्याच्या वागण्याची चौकशी तक्ता बारकाईने करतो. ज्याने सुई टोचली, ज्याने रक्ताची बाटली लावली, ज्याने ती बाटली तपासली नाही, त्याच्या वागण्याला तक्त्यात जागा फार थोडी असते. स्त्रियांच्या बाबतीत तर हा फरक फारच महागात पडतो. म्हणून या विषयावर आपल्या गटांमध्ये चर्चा व्हावी असं मला वाटतं.

आधी रोगाविषयी थोडं. हेपेटायटिस सी हा यकृताला सूज आणणारा विषाणू आहे. त्याची ओळख १९८९ साली पटली, आणि या शोधासाठी हार्वे आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळालं. विषाणू रक्तातून रक्तात जातो. लागण झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. उरलेल्यांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो. वर्षानुवर्षं काही त्रास होत नाही. थकवा येतो, पण थकवा कुठल्या बाईला नसतो? वीस वर्षांत अशा लोकांपैकी १५ ते ३० टक्क्यांचं यकृत निबर होत जातं, काहींना यकृताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा जुनाट आजार आहे आणि त्यातले सुमारे ५५ लाख भारतात आहेत. लस नाही. पण गोळ्या आहेत, आणि त्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात.

आता वर्तनाकडे वळू. ज्यांच्या वर्तनात तक्त्याला काहीही सापडलं नसतं अशा स्त्रियांना हा रोग कसा झाला, याचं उदाहरण आयर्लंडचं आहे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून बाळंतपणानंतर तिला 'अँटी-डी' नावाचं इंजेक्शन देतात. ते माणसाच्या रक्तद्रवापासून तयार होतं. १९७७ च्या सुमारास आयर्लंडच्या सरकारी रक्तसंस्थेने हे औषध बनवताना एका अशा बाईचा रक्तद्रव वापरला, जी स्वतः उपचार घेत असलेली रुग्ण होती आणि जिला कावीळ झाल्याचं संस्थेला माहीत होतं. विषाणूचं नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं हे खरं. पण कावीळ झालेल्याचं रक्त दुसऱ्याला द्यायचं नाही, एवढं तेव्हाही ठाऊक होतं. ते इंजेक्शन घेतलेल्या शेकडो बाळंतिणींना लागण झाली. त्यांना ते कळलं १९९४ साली. तोवर सतरा वर्षं या बायका थकवा, सांधेदुखी घेऊन दवाखाने पालथे घालत होत्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अँटी-डी घेतलेल्या ६२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या तपासणीत ७०४ जणींना लागण झाल्याचा पुरावा मिळाला आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात विषाणू अजून होता.

या स्त्रियांनी 'पॉझिटिव्ह अ‍ॅक्शन' नावाची संघटना बांधली. डोनेगल परगण्यातल्या ब्रिजिड मॅकोल या बारा मुलांच्या आईने सरकारी संस्थेला कोर्टात खेचलं. संस्थेने आपली जबाबदारी मान्य केली ती १९९६ साली, ब्रिजिड मरणपंथाला लागल्यावर. ऑक्टोबर १९९६ मध्ये ती गेली. पुढे न्यायाधीश फिनले यांच्या चौकशी न्यायाधिकरणाने १९९७ साली रक्तसंस्थेच्या चुका स्पष्ट शब्दांत नोंदवल्या. या बायकांनी कोणतं जोखमीचं वर्तन केलं होतं? मूल जन्माला घातलं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन घेतलं होतं.

कुणी म्हणेल, हा अपघात होता, एका संस्थेचा, काही औषधांच्या बाटल्यांपुरता. म्हणून दुसरं उदाहरण पाहू, जिथे रोग सगळ्या लोकसंख्येत पसरला. इजिप्तमध्ये नाईलच्या कालव्यांच्या पाण्यातून शिस्टोसोमियासिस हा कृमींचा रोग शेतकरी कुटुंबांत घरोघरी होता. त्यावर १९५० पासून १९८० च्या दशकापर्यंत सरकारने मोहिमा चालवल्या. अँटिमनीयुक्त औषधाची इंजेक्शनं शिरेतून द्यायची, एकेका माणसाला अनेक आठवडे. सिरिंज काचेच्या, रांगा लांब, सिरिंज नीट उकळायला वेळ नाही. हेतू चांगला होता. पण एकाच्या रक्तातला विषाणू त्याच सिरिंजने पुढच्याच्या रक्तात गेला आणि गावंच्या गावं बाधित झाली. पुढे तोंडाने घ्यायची गोळी आली, मोहीम बंद झाली, पण तोवर समाजात विषाणूचा साठा इतका झाला होता की साध्या दवाखान्यातली अस्वच्छ सुईही पुरेशी ठरत होती. २००८ सालच्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या सुमारे १५ टक्के लोकांना कधी ना कधी लागण झाल्याचं दिसलं. जगात कुठल्याही मोठ्या देशात इतकं प्रमाण नव्हतं.

त्याच इजिप्तने पुढे जे केलं तेही सांगायला हवं. २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली, बाधितांना फुकट औषध दिलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेपेटायटिस सी च्या निर्मूलनाच्या वाटेवरचा 'सुवर्ण' दर्जा त्या देशाला दिला. ही तपासणी करताना 'तुमचं वर्तन कसं आहे' ही पायरी ओलांडल्याशिवाय आत प्रवेश नाही असं त्यांनी केलं नाही. प्रौढ असाल तर या, असं सांगितलं. सगळ्यांनाच बोलावल्यामुळे कुणाकडे बोट दाखवायचं कारण उरलं नाही.

आपल्याकडे काय? भारतात इंजेक्शन हे औषध राहिलेलं नाही, तो व्यवहार झाला आहे. इंडियाक्लेन या वैद्यकीय संशोधकांच्या जाळ्याने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशभर पाहणी केली. वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शनं दिली जातात आणि त्यातली जवळपास ६३ टक्के या ना त्या प्रकारे असुरक्षित असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. राष्ट्रीय पातळीवर हेपेटायटिस सी चं प्रमाण शेकडा अर्ध्याहूनही कमी आहे. पंजाबात राज्यव्यापी पाहणीत ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास आढळलं. तिथे लोक या रोगाला 'काला पीलिया' म्हणतात. पंजाब म्हटलं की नशा, एवढंच आपल्याला आठवतं. नशेचा वाटा आहेच, पण खेड्यांतल्या दवाखान्यांतली असुरक्षित इंजेक्शनं हेही तिथल्या प्रसाराचं मोठं कारण आहे. २००९ साली गुजरातेत मोडासा इथे बी प्रकारच्या काविळीची साथ आली, कित्येक जण दगावले, आणि मागे पुन्हा वापरलेल्या सिरिंज सापडल्या. २०१८ साली उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात अनेकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं. तिथेही एक फिरता 'डॉक्टर' एकाच सिरिंजने उपचार करत होता. विषाणू वेगवेगळे, वाट एकच.

रक्ताचंही तसंच. व्यावसायिक रक्तदात्यांकडून विकत रक्त घेण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. रक्तपेढीतल्या प्रत्येक बाटलीची हेपेटायटिस सी साठी तपासणी सक्तीची झाली २००१ साली. याचा अर्थ काय ते स्त्रियांच्या संदर्भात समजून घेतलं पाहिजे. आपल्या बायकांना रक्त कधी चढवतात? बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला की, गर्भपात अर्धवट राहिला की, सिझेरियनमध्ये, पिशवी काढताना. अंगात मुळात रक्त कमी, त्यामुळे गरज जास्त. १९८० आणि ९० च्या दशकात बाळंत झालेल्या, रक्त चढवलेल्या हजारो स्त्रिया आज पन्नाशी-साठीच्या पुढे आहेत. त्या आपल्या आया आहेत, सासवा आहेत, संघटनेतल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या आहेत. जोखमीच्या तक्त्यात त्या कुठेच बसत नाहीत, म्हणून त्यांना कुणी तपासणीचं विचारतही नाही.

वस्त्यांमध्ये काम करताना मी एक गोष्ट सतत पाहते. बाई तापाने फणफणलेली असली तरी ती डॉक्टरकडे 'मला बरं करा' म्हणून जात नाही, 'उद्या कामावर उभं करा' म्हणून जाते. धुणंभांडी करणारीला खाडा परवडत नाही, रोजंदारीवरच्या बाईची त्या दिवसाची हजेरी जाते. मग ती स्वतःच म्हणते, "डॉक्टर, सुई मारा." डॉक्टरलाही दोन गोळ्यांचे पैसे मागता येत नाहीत, सुईचे मागता येतात, सलाईनचे त्याहून जास्त. अशक्तपणा वाटला की 'ताकदीची बाटली' लावून घ्यायची रीत पडली आहे. तेवढ्याच पैशांत आठवडाभराची डाळ, गूळ, शेंगदाणे आले असते हे तिला समजत नाही असं नाही. पण शेंगदाणे खायचे तर ते घरात सगळ्यांत वाटून खावे लागतात. बाटली तिच्या एकटीची असते. तासभर पडून राहायला मिळतं, आणि कुणी काही बोलत नाही. हे वर्तन जोखमीचं आहे यात शंका नाही. पण त्याची मुळं तिच्या अज्ञानात कमी आणि तिच्या मजुरीत, स्वयंपाकघरात आणि डॉक्टरच्या गल्ल्यात जास्त आहेत. 'इंजेक्शनचा आग्रह धरू नका' असं भिंतीवर लिहून ती मुळं निघत नाहीत.

सुईच्या दुसऱ्या टोकालाही बायकाच आहेत. दवाखान्यात वापरलेल्या सुया गोळा करणारी आया, परिचारिका, आणि शेवटी कचराकुंडीत हात घालणारी कचरावेचक. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली आले, २०१६ साली नव्याने आले. तरीही ओल्या कचऱ्यात सुया निघतात आणि त्या कुणाच्या तरी बोटात घुसतात. कचरावेचक बाईला तक्त्यातला कुठला रकाना लावायचा? तिचं 'वर्तन' म्हणजे तिची रोजी आहे.

आता एका गंभीर आक्षेपाला उत्तर दिलं पाहिजे. टोचून नशा करणाऱ्यांमध्ये हेपेटायटिस सी चं प्रमाण इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त आहे. मणिपूर, मिझोराम, पंजाब इथे हे दिसतं, आणि युरोप-अमेरिकेत तर आज नव्या लागणीचं ते मुख्य कारण आहे. तिथे तर माणूस स्वतःच्या हाताने सुई टोचतो. मग वर्तनाचा प्रश्न कसा टाळणार? माझं म्हणणं असं की टाळायचा नाही, पण पूर्ण विचारायचा. एकच सुई चौघं का वापरतात? कारण नवी सिरिंज घ्यायला गेलं की दुकानदार हाकलतो आणि खिशात सिरिंज सापडली की पोलीस धरतात. नशा करणाऱ्या स्त्रियांची स्थिती आणखी बिकट. बऱ्याचदा नशेचं इंजेक्शन जोडीदार टोचतो, आधी स्वतःला, मग त्याच सुईने तिला. घरात ताट वाढताना जो क्रम असतो तोच इथेही. नशामुक्ती केंद्रं पुरुषांसाठी असतात. बाई तिथे गेली तर तिच्याकडे पाहण्याची नजर वेगळी असते. जिथे स्वच्छ सुया वाटल्या गेल्या आणि अफूजन्य नशेऐवजी तोंडाने घ्यायचं औषध देखरेखीखाली मिळालं, तिथे लागण कमी झाली, हे जगभर दिसून आलं आहे. आपल्याकडेही राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात या सेवा आहेत. म्हणजे वर्तन बदलतं, पण साधन हातात आलं की बदलतं. नुसत्या दटावणीने लोक लपतात आणि लपल्यावर सुई वाटून घेणं वाढतं.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. सगळं व्यवस्थेवर ढकललं तर बायका स्वतःची काळजी घ्यायचं सोडतील, असं काही मैत्रिणी म्हणतात. मला उलट वाटतं. जिला 'तुझ्या वागण्यामुळे झालं' असं सांगतात ती गप्प बसते. जिला 'सुई नवी आहे का हे विचारणं तुझा हक्क आहे' असं सांगतात ती पुढच्या वेळी विचारते. आपल्या चळवळीला सुईचा प्रश्न नवा नाही. १९८० च्या दशकात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि दिल्लीची सहेली सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. सुईत काय आहे, ते कुणी ठरवलं आणि बाईला विचारलं का, हे तेव्हा आपण विचारलं. आता ती सुई आधी कुणाला टोचली होती, हेही विचारायला हवं.

रोगाचं निदान झाल्यावर 'जोखमीचं वर्तन' हा शब्द घरात शिरतो तेव्हा त्याचा अर्थ एकच उरतो: चारित्र्य. 'रक्तातून येणारा रोग' म्हटलं की एड्स आठवतो आणि सासरचे विचारतात, हा रोग हिने आणला कुठून? नवऱ्याला झाला तर तो आजारी असतो, बायकोला झाला तर ती संशयित असते. म्हणून काही गोष्टी आपल्या सगळ्या कार्यकर्त्यांना पाठ हव्यात. स्त्री-पुरुषांच्या नेहमीच्या संबंधांतून हा विषाणू क्वचितच जातो. एका ताटात जेवल्याने, भांडी-कपडे वापरल्याने, मिठी मारल्याने, शिंकल्याने तो जात नाही. अंगावर पाजल्याने जात नाही. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तेवढे दिवस थांबावं. बाधित आईकडून बाळाला जन्माच्या वेळी लागण होण्याचं प्रमाण शंभरात सुमारे पाच-सहा आहे. दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश, नखं कापायचं साधन मात्र वेगळं ठेवावं.

तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या चाचणीत लागण कधी झाली होती का, एवढं कळतं. विषाणू आज अंगात आहे का, ते दुसऱ्या चाचणीत कळतं. पहिलीवरच घाबरून जायचं नाही आणि पहिलीवरच थांबायचंही नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात. यातलं मुख्य औषध २०१३ साली अमेरिकेत बाजारात आलं तेव्हा एका रुग्णाच्या उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर होती. तेच औषध भारतातल्या कंपन्या आता त्याच्या अगदी थोड्या अंशात बनवतात. एवढं हाताशी असताना एखादी बाई केवळ लाजेपोटी तपासणीला जात नसेल, तर तो आपल्या कामातला प्रश्न आहे.

आपण काय करू शकतो? गटाच्या बैठकीत एक दिवस याच विषयाला द्या. २००१ पूर्वी रक्त चढवलेल्या, डायलिसिस चालू असलेल्या, वारंवार सुया-सलाईन घेतलेल्या, मेळ्यात-जत्रेत गोंदवून घेतलेल्या आणि कचऱ्यात काम करणाऱ्या सगळ्या जणींनी एकत्र जिल्हा रुग्णालयात जाऊन तपासणी मागा. एकेकटीने जाऊ नका; गटाने गेलं की कुणाकडे संशयाने पाहता येत नाही. दवाखान्यात तीन प्रश्न विचारायचा सराव करा: हे औषध गोळीत मिळतं का? सिरिंजचं पाकीट माझ्यासमोर फोडता का? बाटलीतलं औषध आधी कुणासाठी वापरलेल्या सिरिंजने काढलेलं नाही ना? नुसती सुई बदलून चालत नाही, सिरिंजही नवीच हवी, कारण सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्ताच्या अंशात हा विषाणू कित्येक आठवडे टिकू शकतो. लसीकरणात एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी सिरिंज आली आहे. प्रत्येक दवाखान्यात, खाजगी असो की सरकारी, तीच हवी ही मागणी आपण करायला हवी. कचरावेचक आणि सफाई कामगार स्त्रियांना जाड हातमोजे, बी प्रकारच्या काविळीची लस आणि सुई लागल्यावर तातडीने तपासणी, ही मागणी त्यांच्या संघटनांसोबत महापालिकेपुढे मांडायला हवी.

आणि पाहणीचा तक्ता घेऊन कुणी वस्तीत आलं तर त्याला मदत जरूर करा, पण त्यात काही प्रश्न घालायला सांगा. गेल्या वर्षात तुम्हाला किती इंजेक्शनं दिली? कुणी दिली? पाकीट तुमच्यासमोर फोडलं का? बाळंतपणात रक्त चढवलं का, कोणत्या साली, कुठे? या उत्तरांची बेरीज झाली की जोखमीचं वर्तन नेमकं कुणाचं आहे ते आकड्यांतच दिसेल. मग सुधारायला कुणाला सांगायचं, तेही ठरवता येईल.